पिवळ्या शालीतली बाई

१

कॅस्टील थिएटरच्या दर्शनी फलकावर मोठाली लाल अक्षरं चढत होती. ‘आज’ हा शब्द लागला होता आणि नाटकाच्या नावाचं पहिलं अक्षर शिडीवरच्या माणसाच्या हातात होतं. खाली फुटपाथवर व्हर्ना कोलेसार एका हातात कॉफीचा पेला धरून दुसऱ्या हाताने खुणा करत होती.

"डावीकडे! अजून डावीकडे! अरे, तुझ्या नाही, माझ्या डावीकडे!"

पोलादाचा कारखाना बंद पडल्यापासून लॅन्सबरीच्या मेन स्ट्रीटवर इतकी लगबग कुणी पाहिली नव्हती. समोरच्या बेकरीवालीने सकाळपासून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट डोनट वाटायला सुरुवात केली होती. न्हाव्याने दुकानाच्या काचेवर पांढऱ्या रंगाने नाटकाचे मुखवटे काढले होते, एक हसरा आणि एक रडका, पण घाईत दोन्ही हसरेच झाले होते.

तेवढ्यात बाजूच्या गल्लीतून बो सेडलॅक धावत आला. बो हा थिएटरचा सुतार. अंगाने आडवा, चालीने संथ, आणि आग लागली तरी आधी पाइप विझवून मग उठेल असा माणूस. व्हर्नाने त्याला आजवर कधी धावताना पाहिलं नव्हतं.

"बाईसाहेब, आत चला."

"थांब रे, हे अक्षर एवढं—"

"खड्ड्यात गेलं अक्षर! व्हर्ना, पडदा..."

व्हर्नाने पेला तसाच शिडीच्या पायरीवर ठेवला आणि ती गल्लीतल्या कलाकारांच्या दारातून आत पळाली. मधले बोळ, पडदे ओढायच्या दोऱ्यांची चौकट, विंग ओलांडून ती रंगमंचाच्या पुढच्या कडेवर आली आणि मागे वळून तिने वर पाहिलं.

कॅस्टीलचा तो जुना रंगवलेला पडदा पूर्ण खाली सोडलेला होता. त्यावर स्पेनमधलं एक गाव होतं: पांढऱ्या भिंती, संत्र्याची झाडं, चौकातलं कारंजं, आणि मधोमध एका घराच्या सज्जात उभी राहून सगळ्या प्रेक्षागृहाकडे बघणारी पिवळ्या शालीतली बाई.

बाई उभी होती. तिची शालही होती. चेहऱ्याच्या जागी मात्र एक लंबगोल भोक होतं.

"संध्याकाळी सगळं गाव येणार आहे," बो मागून पुटपुटला. "आणि आपल्या बाईला तोंडच नाही."

२

व्हर्ना या थिएटरची रंगमंच व्यवस्थापक होती. कोण कुठे उभं राहणार, कोणता दिवा कधी लागणार, पडदा कधी उठणार, हे सगळं तिच्या एका शब्दावर चालायचं. पण कॅस्टीलशी तिचं नातं त्याहून जुनं होतं. तिच्या लहानपणी इथे सिनेमे लागत. तिची आजी सांगायची, मुक्या चित्रपटांच्या काळात इथे बाया फरच्या टोप्या घालून यायच्या, ऑर्गन जमिनीतून वर उगवायचा आणि छतावर विजेचे तारे लुकलुकायचे. मग बोलपट आले, रुंद पडदा आला, आणि त्या रुंद पडद्याच्या वर, अंधाऱ्या माळ्यावर, हे रंगवलेलं गाव गुंडाळून पडून राहिलं. पुढे गावाबाहेर मॉल झाला. तिथल्या सिनेमागृहांनी कॅस्टीलची गिऱ्हाइकं पळवली. थिएटरला कुलूप लागलं, कबुतरांनी ताऱ्यांत घरटी केली. एक दिवस नगरपालिकेने ठरवलं की हे पाडून इथे गाड्या लावायची जागा करायची.

तेव्हा गावाने उचल खाल्ली. निवृत्त पोलाद कामगार, शिक्षिका, चर्चमधल्या बाया, सगळ्यांनी मिळून वास्तू सोडवली आणि ठरवलं: सिनेमा नको, आता इथे जिवंत नाटक होईल. आज त्या नाटकाचा पहिला प्रयोग होता. अंधार झाल्यावर आधी हा जुना पडदा उजळणार होता. मग तो वर जाणार आणि मागून, नेमक्या त्या रंगवलेल्या सज्जाच्या जागी, बोने बांधलेला लाकडी सज्जा दिसणार होता. त्यात नाटकाची नायिका उभी असणार होती. ही कल्पना व्हर्नाचीच. तिला तिचा केवढा अभिमान होता!

"पोलीस? मुळीच नाही!" गॉर्डन प्रुइट म्हणाले. हे थिएटरच्या विश्वस्तांचे अध्यक्ष. बातमी ऐकून ते लॉबीतून धावत आले होते आणि कोटाच्या खिशातला रुमाल काढून कपाळ पुसत होते. "आज टीव्हीवाले येणार आहेत. पडदा फाटला म्हणायचं आणि विषय संपवायचा. जुनं कापड आहे, फाटतं."

"फाटलेला नाही, साहेब. कापलाय."

"मग कापणाऱ्याला तू शोध. तू सगळ्यांना ओळखतेस. पण गाजावाजा नको."

खरं तर शोधायला फार माणसं नव्हतीच. काल संध्याकाळी व्हर्नाने स्वतः कुलूप लावलं तेव्हा पडदा धड होता. आज सकाळी कुलूप तिनेच काढलं, आणि मग ती फलकाखाली जाऊन उभी राहिली. तिथून गल्लीचं दार सरळ दिसायचं. बाकीच्या नटमंडळींना दुपारी बोलावलं होतं. सकाळपासून त्या दाराने फक्त चौघं आत गेली होती: बो, प्रुइट, पडदा साफ करायला क्लीव्हलँडहून आलेली नेडीन बर्नबॉम, आणि नायिकेचं काम करणाऱ्या ओडेसा ग्रँडिसन.

चौघांपैकी एक. आणि चौघंही अजून याच छपराखाली होती.

३

नेडीन रंगमंचासमोर आपल्या चाकांच्या मचाणाशेजारी जमिनीवर बसून रडत होती. रडता रडता चिडत होती.

"किती आठवडे मी त्या पडद्याची काजळी काढतेय! कारखान्याची काजळी, सिगारेटचा धूर, कबुतरांची घाण. चेहरा शेवटी ठेवला होता. काल संध्याकाळी तो पुरा झाला, आणि आज हे!"

"पुरा झाला तेव्हा कुणी पाहिला?"

"मी. फक्त मी. खाली उतरले, दिवा मालवला आणि गेले." ती थबकली. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "व्हर्ना, तुला एक सांगते. आपण सगळे समजत होतो की बाईचा चेहरा काळवंडलाय तो काजळीने. मी पुसत गेले, पुसत गेले. काजळी निघाली, पण तो तपकिरी रंग निघेना. तो रंगच होता! स्पॅनिश बाई कसली? ती काळी बाई आहे. देखणी, पन्नाशीच्या आतली, कृष्णवर्णीय बाई."

व्हर्ना उभीच राहिली. ज्या काळात हा पडदा रंगवला गेला, त्या काळात या थिएटरात काळ्या माणसांना मागच्या जिन्याने सगळ्यांत वरच्या गॅलरीत जावं लागायचं. आणि रोज, प्रत्येक खेळाआधी, पुढच्या मखमली खुर्च्यांवरची बडी मंडळी मान वर करून एका काळ्या बाईकडे बघत होती?

"हे तू कुणाला बोललीस?"

"प्रुइटसाहेबांना. काल रात्री जेवणाआधी फोन केला. मला वाटलं, आनंदाने उड्या मारतील. ते म्हणाले, उद्याचा प्रयोग होईपर्यंत तोंडातून शब्द काढू नकोस."

प्रुइटांचे आजोबा लेलँड प्रुइट हे गावाचे नावाजलेले चित्रकार. लॉबीत त्यांचा अर्धपुतळा होता आणि खाली पितळी अक्षरांत लिहिलं होतं की कॅस्टीलचा पडदा त्यांनी रंगवला.

"आणि ते अस्तराचं खूळ!" नेडीन नाक पुसत म्हणाली. "आग लागू नये म्हणून पडद्याला मागून जाड कापड चिकटवायचं असतं. अग्निशमनवाल्यांनी हंगाम संपेपर्यंत मुदत दिली होती. परवा साहेबांनी एकाएकी फर्मान काढलं, प्रयोगाच्या दिवशीच, म्हणजे आज दुपारी चिकटवा. एकदा चिकटलं की चिकटलं. काढायला गेलात तर रंगाची सालपटं निघतील. मी भांडले, पण ऐकतंय कोण?"

"मागची बाजू तू बघितली होतीस?"

"कशी बघणार? मागे बोचं नेपथ्य खेटून उभं आहे. माझं मचाण तिथे शिरत नाही."

व्हर्नाने मचाणावर चढून भोकाची कड बोटाने चाचपली. कापडाचे धागे सगळे तिच्याकडे, म्हणजे प्रेक्षागृहाकडे वाकले होते. कड सरळ नव्हती. पातं पुन्हा पुन्हा अडखळून पुढे गेलं होतं. आणि आता, इतक्या जवळून, तिला आणखी एक गोष्ट दिसली. भोक नीट चेहऱ्यावर नव्हतं. बाईची हनुवटी आणि ओठांची एक कड पडद्यावरच राहिली होती, आणि वर मात्र केसांच्याही पलीकडचा भिंतीचा तुकडा गेला होता.

चेहरा चोरायचा आणि हनुवटी विसरायची? असा कसा चोर?

४

लॉबीत आजोबांच्या अर्धपुतळ्यासमोर उभे राहून प्रुइट संध्याकाळचं भाषण घोकत होते.

"साहेब, काल रात्री नेडीनने तुम्हाला काय सांगितलं?"

भाषण थांबलं. चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. "तू माझ्यावर संशय घेतेस? माझ्यावर? हे थिएटर वाचवायला मी जिवाचं रान केलं!"

"केलंत. सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण त्या बाईचा चेहरा संध्याकाळी दिसू नये असं तुम्हाला वाटत होतं."

"लोक प्रश्न विचारतील. आजोबांनी अशी... त्यांच्या काळात... हे लोकांना नीट समजावून द्यायला वेळ हवा, एवढंच!"

"आणि अस्तर? त्याची घाई परवाच झाली. चेहरा तर काल धुतला गेला."

प्रुइटांचा रुमाल पुन्हा बाहेर आला. व्हर्नाला खूण पटली: परवा काहीतरी घडलं होतं, आणि ते हा माणूस सांगणार नव्हता.

ती रंगपटाकडे निघाली. वाटेत बो भेटला. त्याच्या हातात त्याचीच सुरी होती आणि चेहरा पडला होता.

"व्हर्ना, हे बघ. दोऱ्यांच्या चौकटीला नेहमी लटकवतो ती. कुणीतरी वापरून परत लावलीय." पात्याला तपकिरी रंगाची बारीक भुकटी चिकटली होती. "आता तू म्हणशील, बोनेच कापलं."

"तू कापलं असतंस तर कड रेघेसारखी सरळ आली असती. आणि सुरी पुसून ठेवली असतीस. एक सांग, तुझ्या सज्जावरून पडद्याची मागची बाजू कशी दिसते?"

"मला काय ठाऊक? सज्जा बांधला तेव्हा पडदा वर होता. पडदा खाली असतो तेव्हा मी दोरीपाशी असतो. तूच तर हलू देत नाहीस!"

रंगपटाच्या दारावर टकटक करताच आतून घुमदार आवाज आला, "ये गं पोरी."

ओडेसा ग्रँडिसन आरशासमोर बसून मध घातलेला गरम चहा पीत होत्या. सत्तरी ओलांडली होती, पण पाठ काठीसारखी ताठ. जन्म लॅन्सबरीचा. न्यूयॉर्कला आयुष्य काढून त्या फक्त या नाटकासाठी गावी परतल्या होत्या. व्हर्नाला त्यांच्यासमोर उभं राहिलं की नेहमी आपण शाळेत आहोत असं वाटायचं.

"मिस ओडेसा, पडद्याचं ऐकलंत ना?"

"ऐकलं." त्यांनी पेला खाली ठेवला. "ती नेडीन हुशार आहे म्हणतात. तिला ते परत शिवता येईल ना गं?"

"बघू या," व्हर्ना म्हणाली. "सकाळी तुम्ही कुणाला पाहिलंत का?"

"मी माझा आवाज तापवत होते, बाळ. त्या बाईला तर मी अजून धड पाहिलंही नव्हतं. माझी जागा पडद्याच्या मागे."

व्हर्ना बाहेर आली. बोळाच्या मध्यावर पोचली आणि तिचे पाय आपोआप थांबले. सकाळपासून जो तो म्हणत होता, चेहरा गेला, नासला, संपला. शिवायचं कुणी बोललं नव्हतं. जे हाताशी नाही, ते शिवणार कसं?

आणि शेवटचं वाक्य. माझी जागा पडद्याच्या मागे.

ती पळत सुटली.

५

नेपथ्याच्या मागून बोने बांधलेला अरुंद जिना सज्जावर जात होता. व्हर्ना दोन-दोन पायऱ्या घेत वर गेली. समोर, नाकापासून हातभर अंतरावर, पडद्याची मागची बाजू होती: मळकट, तपकिरी, डागाळलेली. मधोमध ते भोक, आणि भोकातून पलीकडचं रिकामं प्रेक्षागृह.

"बो! निळा दिवा लाव! सज्जावरचा!"

"आत्ता?"

"आत्ता!"

दिवा लागला. निळसर उजेडात व्हर्नाने वाकून पाहिलं आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

भोकाच्या खाली, मळक्या कापडावर, एक खांदा रंगवलेला होता. खांद्याखाली दंड, आणि दंडाच्या टोकाला एक काळसर, बोटांवर रंगाचे डाग पडलेला हात. हातात कुंचला होता. कुंचल्याच्या टोकाला पिवळा रंग होता. पलीकडच्या शालीचा, तोच पिवळा.

पडद्याच्या मागे कुणीतरी उभं होतं. कित्येक वर्षं उभं होतं. आणि आज सकाळी त्याचा चेहरा कुणीतरी कापून नेला होता.

"बो," तिने खाली हाक मारली, आणि तिचाच आवाज तिला अनोळखी वाटला, "सगळ्यांना रंगमंचावर बोलाव. आणि प्रुइटसाहेब आले नाहीत तर उचलून आण!"

६

चौघं पडद्यापुढे उभी होती. व्हर्ना त्यांच्यासमोर येरझारा घालत बोलत होती. तहान लागली होती, पण पाण्यासाठी थांबवत नव्हतं.

"आपण सगळे चुकीच्या बाजूने बघत होतो. आपल्याला वाटलं, चोराला बाईचा चेहरा हवा होता. पण चेहरा हवा असणारा माणूस समोरून कापेल, आणि हनुवटी मागे ठेवणार नाही. हे भोक मागून कापलंय. धागे प्रेक्षागृहाकडे वाकलेत. मागून कापणाऱ्याला बाई दिसतच नाही! त्याला दिसतं ते मागच्या अंगाचं चित्र. तिथे एका माणसाचं चित्र आहे. हातात कुंचला घेतलेल्या माणसाचं. भोक त्याच्या डोक्याभोवती अगदी बरोबर बसतं."

"माणसाचं?" नेडीन ओरडली आणि विंगेकडे धावणार, तोच बोने तिचा दंड धरला.

"थांब, जाशील. आता सुरी बोची, पण हात त्याचा नाही. कड अडखळत कापलीय. ना सुताराचा हात, ना तुझ्यासारखीचा, नेडीन, जी केसाएवढी रेघ न चुकता पुसते."

"म्हणजे उरलो मी," प्रुइट कोरड्या आवाजात म्हणाले. "म्हणायचंय ते सरळ म्हण."

"पहिल्यांदा मला तसंच वाटलं. तुमच्याकडे कारण होतं. चेहरा तुम्हाला नको होता. पण तुम्हाला साधी गॅलरी चढवत नाही, साहेब. महापौर आले तेव्हा तुम्ही जिन्याच्या पायथ्याशी कठडा धरून उभे राहिलात. बोचा तो जिना तुम्ही चढणं शक्य नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट. मागचं चित्र कुणालाच दिसू नये असं ज्याला वाटत होतं, त्याला आज काहीच करायची गरज नव्हती. दुपारी अस्तर चिकटणारच होतं. ते चित्र कायमचं गडप होणारच होतं. त्याने नुसतं थांबायचं होतं!"

छतावरच्या ताऱ्यांपैकी एक चुकून लागला आणि विझला.

"म्हणजे ज्याने कापलं, त्याला ते लपवायचं नव्हतं. त्याला ते वाचवायचं होतं. अस्तर लागायच्या आत. आता, पडदा खाली असताना त्या सज्जात कोण उभं असतं? रोजच्या तालमीत, निळ्या दिव्यात, पडदा उठायची वाट बघत, नाकासमोर ते चित्र घेऊन?"

ती वळली. तिला ते नाव उच्चारावं लागलं नाही.

"मी कापलं," ओडेसा म्हणाल्या.

त्यांनी खांद्यावरची मोठी कापडी पिशवी उघडली आणि दोन पुठ्ठ्यांमध्ये जपून ठेवलेला तो लंबगोल तुकडा बाहेर काढला. एका बाजूला टोपी घातलेला, डाव्या भुवईवर व्रण असलेला एक हसरा काळा माणूस.

"लूथर ग्रँडिसन. माझे आजोबा. दुकानांच्या पाट्या रंगवायचे, असंच आम्हाला माहीत होतं. आजी म्हणायची, तुझ्या आजोबांनी राजवाडा रंगवला. आम्ही हसायचो. वाटायचं, भिंतींना चुना लावला असेल! आणि गेल्या आठवड्यात मी तालमीला सज्जात उभी राहिले, दिवा लागला, आणि समोर आजोबा. आमच्या बैठकीतल्या फोटोत आहेत तसेच. टोपी तीच, व्रण तोच."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" बो म्हणाला. "मी स्वतः गावभर दवंडी पिटली असती!"

"बोलले ना. परवा. यांच्याशी." त्यांनी प्रुइटांकडे नुसतं पाहिलं. "म्हटलं, तुमच्या आजोबांनी नाही, माझ्या आजोबांनी रंगवला हा पडदा. हे म्हणाले, कुठल्यातरी हमालाने फावल्या वेळात काढलेलं चित्र असेल. आणि त्याच संध्याकाळी मला कळलं की अस्तर आज लागणार. मी काय करायचं होतं? सकाळी आले, सुरी उचलली. हात थरथरत होते. डोळ्यांसमोर एवढंच होतं की आजोबांच्या तोंडावर सरस ओतणार आहेत."

त्यांचा तो घुमणारा आवाज पहिल्यांदाच फुटला.

"तुकडा निघाला. मी तो उलटा केला. आणि पलीकडून आजी माझ्याकडे बघत होती! हॅटी. माझी आजी हॅटी. मला कुठे ठाऊक होतं की पलीकडे ती आहे? ती बाई मी कधी उजेडात पाहिलीच नव्हती. आजोबांना वाचवायला गेले आणि आजीचा गळा कापून आले."

नेडीन पुढे झाली. तिने खिशातून भिंग काढलं, तुकडा हातात न घेता नुसती त्यावर वाकली, एक बाजू पाहिली, ओडेसांना तो उलटायला सांगितला, दुसरी पाहिली.

"एकच हात," ती म्हणाली. "शंकाच नको. डोळ्यांच्या कडेला रंग कसा ओढलाय बघा, दोन्हीकडे तसाच. एकाच डब्यातला तपकिरी. हमाल कसला? हे ज्याने काढलं, त्यानेच ते सगळं गाव काढलं." तिने मान वर केली. "त्याने बायकोला पुढे उभं केलं आणि तिच्या नेमकं पाठीशी स्वतः उभा राहिला. इथे त्या दोघांना वरच्या गॅलरीखेरीज बसायला जागा नव्हती, आणि त्याने तिला मधोमध उभं केलं!"

प्रुइट खाली बसले. बसायला खुर्ची नव्हती, ते रंगमंचाच्या कडेवरच बसले, नव्या सुटासकट.

"आजोबा आम्हाला कधी या पडद्याबद्दल बोललेच नाहीत," ते म्हणाले. "बाकी प्रत्येक चित्राची गोष्ट सांगायचे. याची नाही. मला वाटायचं, विनय असेल."

कुणी त्यांना टोचलं नाही. ओडेसांनी फक्त विचारलं, "अस्तर?"

"रद्द करतो," ते म्हणाले, आणि फोन काढायला त्यांना तीनदा खिसा चाचपावा लागला.

"शिवता येईल," नेडीन उत्साहाने म्हणाली. "एका अंगाला शिवू, खिडकीच्या झडपेसारखं. उघडलं की आजोबा, मिटलं की आजी. पण आज नाही. आज घाई केली तर दोघांनाही मुकू."

"आणि आजचा प्रयोग?" बो म्हणाला. "भोकाचा पडदा दाखवायचा?"

सगळ्यांनी व्हर्नाकडे पाहिलं. आणि व्हर्नाच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही हसू पसरलं की बो घाबरून म्हणाला, "नको. ते हसू मला ठाऊक आहे. माझं काम वाढणार."

"तुझा सज्जा वीतभर पुढे सरकेल का?"

७

संध्याकाळी मेन स्ट्रीटवर रांग न्हाव्याच्या दुकानापलीकडे गेली होती. लॉबीतली घंटा झाली, मखमली खुर्च्या भरल्या, वरची गॅलरी भरली. विंगेतल्या आपल्या छोट्या टेबलाशी व्हर्ना कानाला बोलण्या-ऐकण्याचं यंत्र लावून बसली होती.

प्रुइट भाषणाला गेले. लिहून आणलेला कागद त्यांनी उघडलाच नाही. "मी आज काही सांगणार होतो," ते म्हणाले, "पण ते खरं नव्हतं. खरं काय ते ज्यांना सांगायचा हक्क आहे, त्या सांगतील." एवढंच बोलून ते पहिल्या रांगेत जाऊन बसले. प्रेक्षागृहात कुजबूज उठली.

"दिवे," व्हर्ना म्हणाली.

अंधार झाला. छतावरचे तारे लागले. मग खालून सोनेरी उजेड चढत गेला आणि धुऊन स्वच्छ झालेलं ते गाव अंधारातून वर आलं: पांढऱ्या भिंती, संत्र्याची झाडं, कारंजं, सज्जा, पिवळी शाल. लोकांनी ‘आहा’ केलं. आणि पुढच्याच क्षणी सगळं थिएटर एकदम चिडीचूप झालं.

शालीतल्या बाईने डोळ्यांची उघडझाप केली होती.

रंगवलेल्या हनुवटीच्या वर, त्या लंबगोलात, ओडेसा ग्रँडिसन यांचा चेहरा होता. तो त्या शालीला असा शोभला की पहिले काही क्षण लोकांना कळेना, रंग कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो.

"शुभ संध्याकाळ, लॅन्सबरी," ती बाई म्हणाली. "माझं नाव हॅटी ग्रँडिसन. इतकी वर्षं मी तुम्हाला बघत होते. आज मला बोलायचंय. हे सगळं गाव, हे कारंजं, ही झाडं, मला, माझ्या नवऱ्याने रंगवलं. त्याचं नाव लूथर. तो माझ्या मागेच उभा आहे. त्याला कुणी पुढे येऊ दिलं नाही, म्हणून तो माझ्या मागे उभा राहिला. आजपासून तो पुढे येईल."

मग वरच्या गॅलरीतून एका म्हातारीचा हुंदका ऐकू आला, आणि तिच्यापाठोपाठ टाळ्या सुटल्या. त्या गॅलरीतून खाली उतरल्या, खुर्च्यांतून पुढे पसरल्या. माणसं उभी राहू लागली. बेकरीवाली उभी राहिली, न्हावी उभा राहिला, टीव्हीवाल्याने कॅमेरा एका हाताने धरून दुसरा मांडीवर आपटायला सुरुवात केली. पहिल्या रांगेत, सगळ्यांत शेवटी, खुर्चीचा हात घट्ट धरून गॉर्डन प्रुइट उभे राहिले.

विंगेत नेडीन तोंडावर दोन्ही हात दाबून उड्या मारत होती.

"बाईसाहेब," दोरीपाशी उभ्या असलेल्या बोचा आवाज व्हर्नाच्या कानात आला. तो नाक ओढत होता. "पडदा उचलू का? वेळ झाली."

व्हर्नाने आयुष्यात कधी एका क्षणाचाही उशीर होऊ दिला नव्हता. पडद्याच्या इशाऱ्यासाठी उचललेला हात तिने खाली घेतला.

"थांब," ती म्हणाली. "अजून थोडं बघू दे त्यांना."